श्वासबाईंची तोफ

माझ्या वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, इस्पितळाच्या एक्स-रेच्या खोलीत एकतीस वर्षं काढली. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत की तिथे त्यांचं नावच श्वासबाई पडलं. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि दोन महिन्यांत माझी कपाटं तीनदा लावून झाली. मी देवापुढे बसून म्हटलं, या बाईंच्या हाताला काहीतरी काम दे रे बाबा, मला माझे डबे सापडेनासे झालेत.

देवाने ऐकलं, पण असं काही देईल याची मला कल्पना नव्हती. इस्पितळातल्या औषधवाल्याने वन्संना संगणकावरच्या एका खेळात ओढलं. अंतराळातली लढाई. पाच जणांची टोळी, प्रत्येक जण आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून, प्रत्येकाचं एक जहाज. समोर तशीच दुसरी टोळी. वन्संच्या टोळीचा कप्तान बसचालक होता, त्याला सगळे दाढी म्हणत. वन्संच्या जहाजावर मोठी तोफ आली.

ही तोफ साधी नाही. बटण नुसतं टिचकी मारून सोडलं तर चिमुकला गोळा जातो आणि शत्रूच्या कवचावर आपटून विझतो. बटण दाबून धरलं तर तोफेत शक्ती भरत जाते आणि तिच्या तोंडाशी निळा उजेड वाढतो. तीन सेकंदांनी तो पांढरा झाला की तोफ भरली. आता बोट उचललं की जाणारा गोळा कवच फोडून आत शिरतो. पण ती शक्ती येते जहाजाच्याच साठ्यातून, त्यामुळे तोफ भरताना आपलं स्वतःचं कवच पातळ होतं. शिवाय पांढरं झाल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळा सोडला नाही, तर तोफ तापून बंद पडते. मग आठ सेकंद हात चोळत बसायचं.

वन्संना हे पहिल्याच दिवशी कळलं. "वहिनी, आमचं बटण असंच होतं," त्या मला म्हणाल्या. "अर्धं दाबलं की आतली नळी तयार होते, पूर्ण दाबलं की फोटो. अर्ध्यावर फार वेळ धरलं तर नळी खराब. पण म्हणून घाई केली तर रोगी हललेला असतो."

अडचण वेगळीच होती. त्या एकच गोळा सोडायच्या आणि मग थांबायच्या. बाकीचे चिमुकल्या गोळ्यांचा पाऊस पाडत असताना वन्संची तोफ गप्प.

"बाई, मारत राहा ना," दाढी ओरडायचा.

"एका रोग्याचा एकच फोटो," वन्सं म्हणायच्या. "दुसरा काढला म्हणजे पहिला चुकला."

तत्त्व चांगलं होतं, पण नेम लागत नव्हता. स्पर्धेतले दोन साखळी सामने हरल्यावर दाढीने सरळच सांगितलं. रविवारी उपांत्य सामना होता. त्यातही जमलं नाही तर तोफ औषधवाल्याकडे जाणार आणि बाईंनी मालवाहू जहाज सांभाळायचं.

त्या संध्याकाळी वन्सं जेवल्या नाहीत. हे चेष्टेने म्हणाले, "ताई, माल वाहणंही कामच आहे की." त्यांनी ताट सरकवलं. "एकदा घरी बसवलं, ते वयामुळे. आता मला कोणी बाजूला बसवायचं नाही," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पूजा आटोपायची वाट बघत त्या दारात उभ्या होत्या. "वहिनी, तुमची रोजची नाम लिहायची वही घेऊन या. डोळे माझे, नोंद तुमची."

रविवारी समोर येणाऱ्या टोळीत एक छोटं जहाज होतं, माशी म्हणायचे त्याला. त्याचं काम आपल्या टोळीतल्या बाकीच्या जहाजांची दुरुस्ती करणं. ते जिवंत आहे तोवर त्या टोळीतलं कोणी मरत नव्हतं, आणि ते कोणाच्या हाती लागत नव्हतं. त्या टोळीच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती वन्संनी लावल्या. समोरच्याची तोफ पांढरी झाली की माशी काय करते, ते मला लिहायला सांगितलं.

देवाचं नाव एकदा घ्यायला मला बरोबर एक सेकंद लागतो. इतक्या वर्षांचं माप आहे, चुकत नाही. तेच लावलं. तोफ पांढरी झाली की तोफवाला घाबरून लगेच गोळा सोडायचा आणि माशी तो पांढरा उजेड बघूनच बाजूला उडी मारायची. गोळा वाया. वीस उड्या लिहिल्या, तेव्हा वन्संनी माझा हात धरला.

"उडीनंतर बघा."

उडी मारल्यावर माशी जागच्या जागी थबकत होती. पांढरं झाल्यापासून एक नाम पूर्ण आणि दुसरं अर्ध्यावर, तेवढ्यात. वीसपैकी सतरा वेळा.

"तान्ह्या मुलाचा फोटो असाच काढतात," वन्सं हळूच म्हणाल्या. "ते रडतच असतं. रडू थांबायची वाट बघायची नाही. दोन किंकाळ्यांच्या मध्ये ते श्वास घेतं, तेवढंच आपलं."

रविवारी दुपारी चार वाजता सामना सुरू झाला. मी शेजारी स्टूल घेऊन बसले, हे दाराशी चहाचा कप घेऊन. वन्संनी माशीवर नेम धरला, तोफ भरली, उजेड पांढरा झाला. हेडफोनमधून मलासुद्धा ऐकू आलं, "सोडा, बाई, सोडा." वन्संचं बोट उचललं गेलं. माशी उडी मारून सुखरूप. तेवढ्यात आमचं एक जहाज पडलं, मग दुसरं.

वन्संनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत दाढी काहीतरी बडबडत होता, किड्यासारखं ऐकू येत होतं.

पुन्हा तोफ भरायला घेतली. आमचं कवच पातळ होत होतं आणि डावीकडून मारा चालू होता. जहाजाच्या शेपटीला आग लागली. हे म्हणाले, "अगं ताई, गेलं जहाज." पांढरं झालं. माशीने उडी मारली. बोट तसंच. मी मनात नाम घेतलं, एक. माशीने उडी मारली. दुसरं नाम माझ्या ओठांवर आलं, माशी थबकली आणि वन्संनी बोट उचललं.

माशीचा चक्काचूर झाला.

पुढचं सगळं तीन मिनिटांत संपलं. त्यांची जहाजं दुरुस्तीवाचून एकेक करत फुटली. त्यातली दोन वन्संनीच फोडली, दोन्ही वेळा एकेकाच गोळ्यात. पडद्यावर विजयाची अक्षरं आली तेव्हा यांचा चहा सगळा बशीत सांडला होता.

वन्संनी हेडफोन परत कानाला लावला.

"बाई, कुठे होतात? कधीपासून हाका मारतोय," दाढी म्हणाला.

"काढून ठेवला होता. फोटो काढताना खोलीत गर्दी चालत नाही."

औषधवाला खदाखदा हसला. "कप्तान, बाईंनी मोठमोठ्या डॉक्टरांना बाहेर उभं केलंय. तुझं काय घेऊन बसलास. आणि ती तोफ मला देऊ नकोस, माझ्याने नाही व्हायचं हे."

मग दाढी म्हणाला, "तोफ तुमचीच, बाई. अंतिम सामन्यात दोन तोफा घेऊ म्हणतो. दुसरी मी चालवीन. शिकवाल?"

"उद्या चारला ये. आणि येताना ते ओरडणं घरी ठेवून ये."

"मी घरीच असतो, बाई."

"मग शेजारी ठेव."

मी उठून देवापुढे गेले, हात जोडले. काय मागायचं ते सुचेना, मग नुसतीच बसले.

सोमवारी चारला दहा मिनिटं कमी असताना दाढी हजर होता. वन्संनी त्याला तासभर तोफ भरायला आणि नुसतं बघायला लावलं. गोळा एकही सोडू दिला नाही.