प्रथम पक्ष : ताईबाई अक्का

नांदरवड ग्रामपंचायतीने आमच्या कॉलेजला शिकवायचं, आमच्या प्राध्यापकांना प्रमाणपत्रं वाटायची, आणि आम्ही त्याबदल्यात सतरंज्या अंथरून, माठ भरून वाट बघत बसायचं, असा एक सामंजस्य करार गेल्या वर्षी रीतसर झाला. त्यावर प्राचार्यांची सही आहे, गावाचा शिक्का आहे, आणि मसुदा माझा आहे.

मी जळगावच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात विस्तार विभाग सांभाळतो. कॉलेजने आपल्या भिंतीबाहेरच्या लोकांनाही चार उपयोगाच्या गोष्टी शिकवाव्यात, यासाठी विद्यापीठाने हा विभाग काढलेला आहे. आमच्याकडे तो विभाग म्हणजे एक कपाट आणि मी. एखाद्या ग्रामपंचायतीशी करार करा, असं पत्र आलं. मी कपाटातून एका नगरपालिकेबरोबरचा जुना करार काढला. त्यात प्रथम पक्ष कॉलेज होतं, द्वितीय पक्ष पालिका. आता नांदरवडच्या सरपंच ताईबाई अक्का माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना दुसऱ्या नंबरवर बसवायला मन धजेना. म्हणून वर गावाचं नाव आधी टाकलं आणि कॉलेजचं नंतर. खालची कलमं होती तशीच राहिली. पंगतीत माणसं उठवून जागा बदलल्या, पण वाढलेली ताटं जिथल्या तिथे, अशातली गत झाली.

हे माझ्या लक्षात आलं नाही. प्राचार्यांच्याही आलं नाही, कारण ते करार वाचत नाहीत, फक्त सही करायची जागा शोधतात.

ताईबाई अक्कांचं माहेर दोंडाईचा. सासरी आल्या तेव्हा घरात एक पिठाची गिरणी आणि एक नवरा होता. नवऱ्याचं नाव प्रेमराज. प्रेमराज नानांना पिठाच्या धुळीने दमा लागला, तेव्हापासून गिरणी अक्कांकडे आणि चहा नानांकडे, अशी वाटणी आहे. गावातल्या कुठल्या घरात कळण्याची भाकरी खातात, कुणाच्या सुनेला पीठ बारीक लागतं आणि सासूला जाडं, ही भांडणं आधी गिरणीवर येतात, मग गावात जातात. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं तेव्हा गावाने अक्कांना उभं केलं आणि कारभार नाना बघतील असं धरून चाललं. पंचायत समितीचे साहेब अजून कधी कधी नानांना बाजूला घेऊन विचारतात, सरपंचांचं काय मत? नाना कपात चहा ओतत म्हणतात, “मी बी नंबर लाईसन बोलस.” म्हणजे घरात तेही नंबर लावूनच बोलतात.

अक्कांच्या बोलण्याबद्दल सांगायलाच हवं. आयुष्य गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे त्यांचा आवाज वरच्या पट्टीत आणि वाक्य आखूड झालंय. गिरणी चालू असताना लांब वाक्याचं शेपूट समोरच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्या शेपूट लावतच नाहीत. पत्ता विचारला तर “डावीकडे.” तब्येत विचारली तर “शे,” म्हणजे आहे. समोरच्याचं लांबलं तरी त्या हात वर करतात. आमदारांच्या भाषणात एकदा तो हात वर गेला होता. आमदारांना वाटलं, बाईंना प्रश्न विचारायचाय. त्यांनी थांबून विचारलं. अक्कांनी हात खाली घेतला, कारण भाषण थांबलेलं होतं.

आता कराराकडे. आमच्या भागात विजेचा दाब स्वतःच्या मर्जीने चढतो, उतरतो आणि मोटरी जळतात. विहिरीवरची जळते, पाण्याच्या टाकीची जळते, गिरणीची तर आवर्जून जळते. मग ती उचलून तालुक्याला न्यायची, जळक्या तारा काढून नव्या भरून आणायच्या, आणि ‘उद्या या’ ऐकत राहायचं. तोवर गाव दळणाचे डबे घेऊन शेजारच्या गावाला. मोटर गावातच भरता आली पाहिजे, हे अक्कांच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. दोन पोरांना त्यांनी शिकायलाही पाठवलं होतं. ती शिकली आणि सुरतला गेली. तेव्हापासून अक्कांचा निर्णय ठरलेला होता. बायांनी शिकायचं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “पोरं सुरतला जातात. सुना कुठं जाणार?”

मोटर भरायचं शिकवायला आमच्याकडे कार्यशाळा होती, शिकवणारे होते. फक्त ते सगळं जळगावात होतं आणि बाया नांदरवडला. मधल्या वेळेची एसटी लहर लागली तर येते. मागे शिवणाचा एक वर्ग तालुक्याला निघाला होता, तो त्या एसटीनेच बंद पाडला. गावातून उत्साहाने निघालेल्या बाया हळूहळू घरी बसल्या. त्यात अक्कांची सून दिपमालाही होती.

सह्यांच्या दिवशी हार झाले, नारळ झाला, फोटो झाले. अक्का म्हणाल्या, मोठ्याने वाचा. मी सत्यनारायणाच्या पोथीच्या वेगाने वाचलं. सातव्या कलमावर त्यांचा हात वर गेला.

“परत.”

मी परत वाचलं: द्वितीय पक्षाने प्रशिक्षणार्थी महिलांच्या ने-आणीची व्यवस्था स्वखर्चाने करावी. मला वाटलं, माझी भाषा त्यांना आवडली. मी जरा सूर लावूनच वाचलं. अक्कांनी शिक्का असा दाबला की टेबलावरचा नारळ घरंगळला.

आठवड्याने फोन. “सर, बाया तयार शेतस. बस कधी?”

कसली बस, म्हणून मी विचारलं. सात, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी करार काढून वाचला आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिलो. प्राचार्यांच्या खोलीत त्यानंतर जे झालं ते आवाजी होतं. कॉलेजच्या बसचं डिझेल काय विस्तार विभागाच्या कपाटातून निघतं का, असा त्यांचा एकूण रोख होता. त्यांनी मला दुरुस्त करार घेऊन नांदरवडला पिटाळलं.

गिरणी चालू होती. मी ओरडून सगळं समजावलं. पक्षांची अदलाबदल झालीय, चूक माझी आहे, आता शिकवणार आम्ही, प्रमाणपत्र आम्ही देणार, गावाने फक्त बाया जळगावला पाठवायच्या. अक्कांनी पट्टा थांबवला. एकदम शांत झालं आणि मी अजून ओरडतच होतो.

“बठ्ठं बदला,” त्या म्हणाल्या. “सातवं ऱ्हाऊ द्या.”

मी म्हटलं, अहो अक्का, तीच तर मुख्य चूक आहे.

“चूक पहिली की सातवी, ते तुमचं. बस नाही तर वर्ग नाही.”

म्हणजे वाचतानाच तुमच्या लक्षात आलं होतं, असं मी जरा दुखावून विचारलं. अक्का पिठाचे हात झटकत म्हणाल्या, “दोनदा वाचायला लावलं. तुम्हीच गाणं म्हणत होते.”

नानांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि हळूच सांगितलं की मी नशीबवान आहे, माझं तरी ऐकून घेतलं. वर्गासाठी नाव दिल्याशिवाय दळण मिळणार नाही, असा नियम अक्कांनी गिरणीवर काढला होता. हा नियम कुठल्याही कायद्यात बसत नाही, हे मी अक्कांना सांगितलं. कायद्यात नाही, गिरणीत बसतो, असं त्यांचं मत पडलं.

पुढच्या सोमवारी सकाळी कॉलेजच्या फाटकात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत नांदरवडच्या बाया, डबे, आणि एक जळकी मोटर. पुढे चालकाशेजारी अक्का. वर्ग झाला, आणि चांगला झाला. दिपमालेने पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या सरांना विचारलं, इतक्या हळू का सांगताय? दुपार कलली तेव्हा ट्रॅक्टर कुठेच नव्हता. तो अक्कांनी कापूस भरायला परत धाडला होता. बाया प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात ओळीने बसल्या, शांतपणे, एसटी स्टँडवर बसतात तशा. कुणी घोषणा दिली नाही. एकीने शेंगा काढल्या.

अक्का आत गेल्या. मी मागे, दाराच्या आडोशाला. त्यांनी करार टेबलावर ठेवला, सातव्या कलमावर बोट ठेवलं आणि गप्प उभ्या राहिल्या. प्राचार्य बरंच बोलले. निधी, नियम, डिझेल, विमा. हात वर झाला नाही, हे विशेष. अक्कांना त्या दिवशी त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं होतं. शेवटी प्राचार्यांनी बाहेर डोकावलं. व्हरांड्यातून जाणारे विद्यार्थी बायांकडे बघत होते, बाया प्राचार्यांकडे बघत होत्या. आमचे प्राचार्य भला माणूस, फक्त कुणी टक लावून बघितलं की त्यांना सोसत नाही. त्यांनी बसचा ड्रायव्हर जीवराम याला बोलावलं.

जीवरामनेच तिढा सोडवला खरं तर. त्याची बस रोज धरणगावकडच्या मुलांसाठी जायचीच, नांदरवडचा फाटा त्या वाटेवरच. थोडं आत वळायचं, एवढाच फरक. हा शोध त्याला त्या संध्याकाळी लागला, आणि पक्का झाला तो नानांच्या घरचं भरीत खाल्ल्यावर. प्राचार्यांनी फाईलवर ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शेरा मारला. आमच्या कॉलेजातली सायकल स्टँडची पत्र्याची शेडही तात्पुरती आहे. तिच्याखाली माझे वडील सायकल लावायचे.

दुरुस्त करारावर पुन्हा सह्या झाल्या. शिकवणार आम्ही, शिकणार गाव, सातवं कलम होतं तसं.

परवा वर्षाच्या अहवालासाठी मी नांदरवडला गेलो. गिरणीची मोटर मध्यंतरी परत जळली होती, ती दिपमालेने घरीच भरली. पहिल्यांदा भरली तेव्हा ती उलटी फिरली, असं नाना आनंदाने सांगत होते. आता पलीकडच्या दोन गावांच्या मोटरी अक्कांच्या ओट्यावर ओळीने पडलेल्या होत्या आणि दोन बाया तारा गुंडाळत, कुणाच्या तरी लग्नावरून भांडत बसल्या होत्या.

विद्यापीठाच्या अहवालात ‘स्थानिक संस्थेचा अभिप्राय’ असा रकाना असतो. मी पेन काढलं आणि अक्कांना म्हटलं, या करारातून गावाला नेमकं काय मिळालं, ते तुमच्या शब्दांत सांगा, चार ओळी तरी भरायला हव्यात.

अक्कांनी पट्टा चढवला, बटण दाबायच्या आधी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या,

“बस.”