पंगती किती उठल्या?

पंगतवाले सर मुलाखतीत एकच प्रश्न विचारायचे. पदवीला किती टक्के पडले, इंग्रजी येतं का, कॉम्प्युटर येतो का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. समोरच्या पोराने फायलीतून गुणपत्रिका काढली की ते हाताने थांबवायचे आणि म्हणायचे, "थे राहू दे बाबू. तुह्या घरी शेवटचं लगन कवा झालं? पंगती किती उठल्या?" कंपनीच्या कागदावर त्यांचं चांगलं तीन शब्दी नाव होतं, पण आम्ही पोरं त्यांना पाठीमागे पंगतवाले सरच म्हणायचो.

मी मार्केटिंग घेऊन बीबीए झालो होतो आणि सव्वा वर्ष घरी होतो. नागपूरच्या चकरा मारून बुटाचे तळ झिजले. जिथे जावं तिथे अनुभव मागायचे. गावात पानठेल्यावर कुणी "काय करून राहिला सध्या?" म्हणून विचारलं की मी मोबाईल कानाला लावून पुढे निघायचो. अशात भंडाऱ्याच्या एका लॉजच्या हॉलमध्ये मुलाखती आहेत असं कळलं. सरांनी मला त्यांचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "ताईचं लग्न झालं मागच्या वर्षी. पाच पंगती उठल्या. हजार-अकराशे लोक असतील." सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. घरी येऊन मी सांगितलं, ताईच्या लग्नामुळे नोकरी लागली. सगळे खूप हसलो. बाबांनी माझं व्हिजिटिंग कार्ड देवाच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी सरांनी ताईच्या लग्नातली पत्रिकांची यादी आणायला सांगितली. आमच्याकडे पत्रिका मोबाईलवर पाठवली तर लोक लग्नाला येत नाहीत, वरून वर्षभर ऐकवतात. घरचा माणूस दारात जातो, पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं असतं, ती हातात द्यायची, पाणी प्यायचं, मग पुढचं घर. त्यासाठी गावागावाची यादी केलेली असते. आमची दोनशे पानी वही होती आणि तिच्यात नावासमोर खुणाही होत्या: हातपंपासमोर, शाळेच्या मागे, निळं दार. आईने ती कपाटात जपून ठेवली होती. पुढचं लग्न माझं, तेव्हा कामी येईल म्हणून.

सरांनी ती वही टपरीवर बसून चहा गार होईपर्यंत वाचली. लाल पेनाने गावांखाली रेघा मारल्या. मग म्हणाले, "मार्केट बाहेर नसते बाबू, घरातच असते. अनोळखी मानूस भाव विचारते. सोयरा भाव विचारत नाही." तीन वर्षांत कॉलेजात मी जाड जाड पुस्तकं पाठ केली होती. त्यांतलं मला आता काही आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं.

आमचा माल म्हणजे धानावर फवारायचं टॉनिक. हिरवी बाटली, तिच्यावर भाराने वाकलेल्या लोंब्यांचं चित्र. त्याने धान वाढायचं का, मला अजून माहीत नाही. बिघडायचं नाही एवढं खरं. पण विकण्यात सरांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. ते गाडी गावाबाहेर लावायचे, बूट शेताच्या धुऱ्यावर काढायचे आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ धानाच्या चिखलभरल्या बांधीत उतरायचे. रोवणीच्या बायकांच्या रांगेत शिरून दोन-चार हात रोवायचे, तेही वाकडे, म्हणजे बायका हसाव्यात. निघताना कुण्या म्हातारीला म्हणायचे, "माय, लाखोरीच्या दायीचे वडे कराल त आवाज द्या." बाटलीचं नावही काढायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पह्यल्याच दिवशी इकते थो फेरीवाला. दुसऱ्या दिवशी जाते थो घरचा." दुसऱ्या दिवशी खरोखरच वडे तयार असायचे.

एकदा तुमसरला काम करताना मला ताप भरला. सरांनी मला गाडीवर बसवलं, दुपट्ट्याने स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि पावसात लाखनीपुढच्या आमच्या घरापर्यंत आणून सोडलं. वाटेत दर पाच मिनिटांनी मागे हात लावून बघत होते, मी सरळ बसलोय का. आईने त्यांना गरम भात वाढला. जेवता जेवता त्यांनी आईकडे माहेरची चौकशी केली, भाऊ किती, कुण्या गावाला, धान किती एकर. आई कौतुकाने सांगत होती आणि मी गोधडीत पडून ऐकत होतो. सरांनी जाताना माझ्या दोन चुलतमामांची गावं वहीत लिहून घेतली, ती आधी राहिली होती. मला पाठीशी बांधून आणणारा माणूस आणि वही उघडणारा माणूस एकच होता. मी पुष्कळ दिवस त्यांतला एकच खरा मानायचा प्रयत्न केला.

शंभर घरांत बाटली गेली की नोकरी पक्की, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पोळ्यापर्यंत एक्याण्णव झाली आणि वहीतली रेघ मारलेली गावं संपली. उरलं होतं फक्त ताईचं सासर, तुमसरकडचं एक गाव. तिच्या सासऱ्यांची भावकी धरून नेमकी नऊ घरं. बाबांना कळलं तेव्हा ते जेवणावरून उठले. "पोरीच्या घरी आपन पान्याचा गिलास पेत नाही, अन् तू बाटल्या घेऊन चालला?" मी सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जुन्या लोकायचं मनावर घ्याचं नसते बाबू. तुले नोकरी पक्की पायजे का नाही?"

मला पाहिजे होती. सरांनी मला ओढत नेलं नाही, मी माझ्या पायांनी गेलो. ताईचे सासरे मला स्वतः भावांच्या दारोदार घेऊन फिरले, "आपल्या सूनबाईचा भाऊ" म्हणून ओळख करून दिली. नऊही घरांनी बाटल्या घेतल्या आणि एकानेही भाव विचारला नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाहेर आली नाही. त्या संध्याकाळी सरांनी सगळ्या पोरांना पेढे वाटले आणि मला सर्वांसमोर मिठी मारली.

भाऊबीजेला गेलो तर ओसरीत भिंतीशी हिरव्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. नऊ घरांच्या. एकीचंही सील फोडलेलं नव्हतं. ताईचे सासरे म्हणाले, "रागानं नाही सांगून राहिलो बापू. तुमी दारात आले, तुमाले नाही कसं म्हनाव? घेतल्या. पन आता तुमी आले त सोयरा आला का माल आला, थे आमाले समजत नाही." मग त्यांनी पाट मांडायला सांगितला. ताईने ओवाळलं, माझ्याकडे न बघता. मी निघताना ती फाटकापर्यंत आली. "तू त जाशीन निघून. मले अठीच राहा लागते," एवढंच बोलली. फाटक तिनेच लावलं.

मार्गशीर्षात सरांनी मला त्याच टपरीवर बोलावलं. "तुहा एरिया पूर्ण झाला बाबू." मी शंभर घरांचं विचारलं. ते म्हणाले, कंपनीचं धोरण बदललं. खरं कारण मला तोवर कळलं होतं. दुसऱ्या वर्षी सोयरेही निकाल विचारतात, म्हणून दुसऱ्या वर्षी पोरगा नवा लागतो. सरांनी चहा पाजला आणि एक लिफाफा दिला. त्यात अनुभवाचं प्रमाणपत्र होतं, शिक्क्यासकट. त्याच कागदावर मला पुढे नागपुरात नोकरी लागली. तिथे कुणी विचारलं नाही की अनुभव कसला.

सरांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग दोन उन्हाळ्यांनी तेच आमच्या दारात उभे. हातात हळदकुंकू लावलेली पत्रिका, मुलीचं लग्न, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवरच्या लॉनमध्ये. जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. पंगती मोजायलाच गेलो, खोटं कशाला बोलू.

मांडव मोठा होता, कढया मोठ्या होत्या. नवऱ्या मुलाकडची माणसं एका बाजूला बसली होती. मुलीकडच्या बाजूला आम्हीच होतो, सरांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेली पोरं. इतरांनी आपापली ओळख सांगितली तेव्हा कळलं. भाऊबंद नाहीत, काका-मामा नाहीत. सर स्वतः भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. माझ्या पानाशी येऊन थांबले. मी काही विचारलं नव्हतं, तरी हळू आवाजात म्हणाले, "माहा पह्यला एरिया माहंच गाव होतं बाबू. तवा मीबी नवाच होतो." मग भाताचा मोठा ढीग घातला. "घे, लय उरून राहिलं."

एक पंगत उठली. दुसरीला माणसं पुरली नाहीत. मला हसायचं होतं, ते जमलं नाही. दयाही आली नाही. मला राग आला तो असा की सगळं ठाऊक असताना, स्वतःवर बेतलेलं असताना, या माणसाने माझी वही उघडली. हात धुऊन मी निघालो तेव्हा ते लॉनच्या दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. हायवेवरून ट्रक जात होते. मी त्यांच्या पाया पडलो. का पडलो, कोण जाणे.

या वैशाखात माझं लग्न आहे. आईने कपाटातून ती वही काढली. लाल रेघा तशाच आहेत. पहिली पत्रिका ताईच्या सासरी द्यायची असं मीच म्हटलं. पत्रिका कापडी पिशवीत होत्या. मी पोचलो तेव्हा ताईचे सासरे ओसरीत बसले होते. फाटकाचा आवाज झाला तसं त्यांनी वर पाहिलं, आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे, मग माझ्याकडे.