प्लास्टरखालचा पाला

भुताखेताच्या, करणीच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा मी माणूस. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी धंतोलीच्या एका दवाखान्यात जे डोळ्यांनी पाहिलं, ते सांगतो...

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. रामटेकला दिलेल्या माझ्या ताईच्या नडगीवर फोड आला, फुटला आणि जखम पसरतच गेली. कडा जांभळ्या. नुसती चादर लागली तरी ती किंचाळायची. सर्जननी सडका भाग कापून काढला — जखम उलट मोठी झाली. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. आता पाय काढायची भाषा सुरू झाली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांना बोलावलं. पट्टी सोडून त्यांनी मला बाहेर नेलं. "जखमेला पाला कोण लावतंय?"

माझा संशय थेट ताईच्या जावेवर, शेवंतावर. सोबतीला तीच राहायची, आणि दोघींचं पटत नव्हतं.

"मी काहून लावीन गा भाऊ? देवाशपथ सांगतो!" ती रडायला लागली. मी ऐकलं नाही, तिला रामटेकच्या बसमध्ये बसवून दिलं.

कोणाचा हातच पोचू नये म्हणून डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. मी रजा काढून खाटेजवळ ठाण मांडलं.

काही दिवसांनी प्लास्टर कापलं. त्याला कुठे साधा तडाही नव्हता. आत जखम वाढलेली... आणि तिच्यावर कडुनिंबाचा वाटलेला पाला. हिरवागार, ओला.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. दोघांच्याही मनात एकच — ह्यानेच तर नाही?

"पाल्याचं मला कळत नाही," ते अखेर म्हणाले. "पण बंद पायातही जखम वाढली. जंतू सापडत नाहीत. हा दुर्मीळ आजार आहे, शरीर आपल्याच कातडीवर उठतं. सुरी लागली की जास्तच भडकतं. कापणं बंद!"

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ठणका लवकरच थांबला. जखम भरायला महिने लागले, पण पाय वाचला.

घरी जायच्या दिवशी ताई म्हणाली, "शेवंतावर उगाच आळ घेतला तू. तो हात तिचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"काय माहीत गा. थंडगार होता, बरं वाटे मले." मग माझ्याकडे नवलानं बघत म्हणाली, "भरदुपारी येत होता. तू तं बाजूलेच बसून राहिला होता... तुले दिसला नाही?"

नाही दिसला. आजाराचं नाव कळलं, औषध मिळालं. पाल्याचं उत्तर मात्र मला आजतागायत कोणी दिलेलं नाही.