नफूसाचं नाव

कैरोतल्या आमच्या गल्लीत नफूसाबाईला नावानं कुणी हाक मारत नसे. ती रऊफची आई. तिचे यजमान हिल्मी मास्तर, लेखक माणूस, तेही तिला 'आमची मंडळी' म्हणायचे. चारचौघांत बायकोचं नाव घेणं म्हणजे अब्रू चव्हाट्यावर मांडणं, असंच आम्ही सगळे समजत आलो.

मास्तरांची नजर गेली आणि आत्मचरित्र अर्ध्यावर राहिलं. मग ते सांगायचे, ती लिहायची. सहा वर्षं! चुलीवर मसूर, मांडीवर कागद. मी शेजारी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. पानं न्यायला गेलो की तिचं सुरू, "फिक्रीभाऊ, ह्यांच्या पुस्तकात गाढवीणसुद्धा नावानं आलीय. मी मात्र मंडळी!"

"गाढविणीला कसली आलीय अब्रू?" मास्तर आतून ओरडायचे. ती हसायची, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायची.

मास्तर गेले. चाळिसाव्या दिवशी तिनं शेवटचं पान आणून दिलं. त्यावर होतं : 'हे पुस्तक नफूसानं लिहिलं. माझे डोळे म्हणजे नफूसा.'

मास्तर असं जन्मात सांगणार नाहीत, हिनंच घुसडलं असणार, असं मला वाटलं. गेलेल्या मित्राची लाज आपण नाही राखायची तर कुणी? मोठा शहाणा मी! दोन्ही जागी 'मंडळी' बसवलं.

पहिली प्रत घेऊन मीच गेलो. तिनं हात पुसून थेट शेवटचं पान उघडलं. बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"फिक्रीभाऊ, इथलं काय केलंत?"

"वहिनी, तुमच्या अब्रूसाठीच..."

"अहो, त्यांनीच सांगितलं होतं, जायच्या आदल्या दिवशी. मी लिहीना, तर चिडले. म्हणाले, 'लिही, नफूसा!' एकेचाळीस वर्षांत तेवढी एकदाच नावानं हाक मारली हो त्यांनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, म्हणालो. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

परवा ती गेली. रऊफनं निधनपत्रिकेचा मजकूर आणला : 'दिवंगत हिल्मी मास्तरांची मंडळी, रऊफची आई.'

"अरे, आईचं नाव?"

"काका, लोक काय म्हणतील?"

मी ऐकलं नाही. खिळे शोधून 'नफूसा' जुळवलं. रऊफनं प्रूफ वाचलं, माझ्याच कानावरची पेन्सिल घेतली आणि नावावर रेघ मारली.