चुंबकरावांचं ‘घ्या’

चुंबकरावांनी सत्तावीस वर्षांत चारशे बारा जुन्या गाड्या तपासल्या आणि एकदाही कुणाला ‘घ्या’ म्हणून सांगितलं नाही.

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी त्यांना बोलवायचे. बगलेत सतरंजीची गुंडाळी, खिशात टॉर्च आणि गळ्यात दोरीला बांधलेलं लोहचुंबक, अशा थाटात ते यायचे. चुंबकाला मऊ फडक्याचं आंगडं शिवलेलं होतं, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून. गाडीभोवती फिरत ते चुंबक पत्र्याला लावायचे. अस्सल पत्रा असला की चुंबक चिकटायचं. जिथे गंजाने भोक पाडलंय आणि कुणी वर पुट्टी थापून रंग फासलाय, तिथे ते सुटून लोंबकळायचं. मग चुंबकराव विकणाऱ्याकडे नुसते बघायचे. विकणारा तेव्हाच निम्मा व्हायचा. नंतर सतरंजी अंथरून ते गाडीखाली शिरायचे. बाहेरून फक्त त्यांचे बूट दिसायचे आणि आतून ‘अरेरे’ ऐकू यायचं. घेणारे लोक ‘अरेरे’ मोजत उभे राहायचे. शेवटी चुंबकराव बाहेर येऊन, ताठ उभे राहून, गुडघे झटकून म्हणायचे, “नको.”

हे उगाच नव्हतं. ऐन तारुण्यात त्यांनी स्वतः एक गाडी घेतली होती, कुणालाही न दाखवता. कुणा कारागिराने दोन वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे अर्धे तुकडे डाग देऊन जोडले होते. घरी येताना एका वळणावर तो जोड सुटला. पुढचा भाग वळला, मागचा सरळ गेला. चुंबकराव पुढच्या भागात होते म्हणून आज ही गोष्ट सांगता येते आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. चुंबकराव ताकाला चुंबक लावून प्यायले असते.

घरीही तीच तऱ्हा. बायको रोज सकाळ-संध्याकाळ कप पुढे करून म्हणायची, “चहा घ्या.” हे आधी कप उचलून बुडाला तडा आहे का ते बघायचे. तिने त्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि खरी गोम सांगायची तर लोकांनाही त्यांचं ‘नको’च हवं असायचं. ज्या नवऱ्याच्या डोक्यात गाडीचं खूळ शिरलंय, त्याची बायको स्वतःहून चुंबकरावांचा नंबर शोधून द्यायची. नवराही गुपचूप यायचा, कारण मनातून तोही टरकलेला असायचा. चुंबकराव ‘नको’ म्हणाले की खापर त्यांच्या माथी, आणि सगळे सुटले. ‘घ्या’ म्हणणारा मात्र त्या गाडीला जन्माचा बांधला जातो, हे चुंबकरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तो शब्द कधी ओठांवर येऊच दिला नाही.

त्यांचं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण डॉक्टरांचं बऱ्यापैकी भरलं होतं, आणि आता त्या पोटासकट त्यांना दोनच माणसं बसतात अशा, जमिनीलगत धावणाऱ्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये बसायचं होतं. अठराव्या वर्षापासून त्यांनी हे स्वप्न जपलं होतं. आता बासष्टावं चालू होतं. हाडांच्या डॉक्टरने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की गुडघे अजून वर्षभर साथ देतील. मग इतक्या खाली बसून क्लच दाबणं विसरा. अकरा गाड्या त्यांनी चुंबकरावांना दाखवल्या होत्या. अकरा वेळा ‘नको’ ऐकून ते मान खाली घालून दवाखान्यात परतले होते.

बारावी गाडी पोहणं शिकवणाऱ्या एका बाईंची होती. बाई चांगल्याच उंच, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या काठालाही ऐकू जावा. त्यांच्या गॅरेजात पोहायच्या रबरी फळ्यांच्या चळतीशेजारी गाडी उभी होती. लाल, बुटकी, नाक लांब.

“मी का विकतेय विचाराल, तर मी मावत नाही,” बाई म्हणाल्या. “छप्पर काढलं तर डोकं वाऱ्यात, लावलं तर मान वाकडी. काय बघायचं ते बघा. फक्त दार आपटू नका.”

डॉक्टर चुंबकरावांच्या कानाशी लागले. “आज जरा बेताने बघा हं.”

“गाडी बेताने बघायची नसते,” चुंबकराव म्हणाले आणि त्यांनी गळ्यातून चुंबक काढलं.

बोनेटला लावलं, पडलं. चाकावरच्या पाख्याला लावलं, पडलं. दार, मागचं झाकण, दिव्याभोवतीची गोलाई, जिथे लावावं तिथे चुंबक अंग टाकून द्यायचं. चुंबकराव घामाघूम झाले. अर्ध्या तासाने त्यांनी डॉक्टरांना फळ्यांच्या आड नेलं.

“डॉक्टर, मन घट्ट करा. या गाडीत गाडीच नाही.”

“म्हणजे?”

“पत्रा उरलेलाच नाही. नाकापासून शेपटीपर्यंत नुसती पुट्टी. कुणीतरी भरत भरत गेलाय, आणि मूळ गाडी कधी संपली ते त्यालाही कळलं नसावं.”

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. “मग त्यात काय बिघडलं? माझ्या पेशंटांचे निम्मे दात तसेच आहेत. झकास चावतात.”

“दातात बसून कुणी प्रवासाला जात नाही, डॉक्टर.”

“पुट्टी कसली?” बाईंचा आवाज फळ्यांवरून आला. “फायबरची आहे ती! कारखान्यातूनच तशी आली. होडी असते ना, तशी. वरच्या अंगाला पत्रा नाहीच.”

चुंबकरावांनी हातातल्या चुंबकाकडे पाहिलं.

“हे आधी नाही सांगायचं?” चुंबकराव कसेबसे म्हणाले.

“मला काय माहीत! तुम्ही इतक्या मायेने हात फिरवत होतात, मला वाटलं तिची दृष्ट काढताय.”

चुंबकराव कानापर्यंत लाल झाले. सत्तावीस वर्षांत चुंबकाने त्यांना असा दगा दिला नव्हता. त्यांनी ते खिशात टाकलं, तर ते टॉर्चला जाऊन टक्कन चिकटलं. एवढंच काय ते लोखंड त्याच्या नशिबी. चुंबकाविना चुंबकराव म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना त्या वयात पहिल्यांदा पडला आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

मग ते इरेला पेटले. सतरंजी अंथरून गाडीखाली शिरले. खालचा सांगाडा लोखंडी होता, तिथे चुंबक चिकटलं आणि सगळीकडे चिकटलं. डॉक्टर बाहेर बोटं मोजायच्या तयारीने उभे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकही ‘अरेरे’ आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी इंजिनातलं ऑइल पट्टी काढून बघितलं, स्वच्छ. धूर बघितला, नाही. चुंबकराव दोष असा शोधत होते जसा माणूस कपाळावरचा चष्मा शोधतो. शेवटी म्हणाले, “बसून बघतो.”

बसले म्हणजे काय, पडलेच. गाडीने त्यांना गिळलं. गुडघे कानांशी आले. डॉक्टर दुसऱ्या बाजूने आत घुसले, चावी फिरवली, आणि दोघं एक फेरी मारायला निघाले. चुंबकराव सुरुवातीला डोळे मिटून खडखड ऐकत होते. ती येईना, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. वारा तोंडावर येत होता. रस्ता इतका जवळ होता की उचलून घ्यावा. पुढे वळण आलं आणि त्यांनी सीट घट्ट धरली. वळण संपल्यावर त्यांनी हळूच मान वळवून पाहिलं. मागचा भाग मागेच होता. चुंबकरावांना एकाएकी इतका आनंद झाला की त्यांनी घाईघाईने भुवया आवळल्या.

गॅरेजात परतल्यावर डॉक्टर कण्हत कुंथत उतरले आणि निकाल लागायची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. चुंबकरावांचं मनात ठरलं होतं. नको. कारण? कारण काही नव्हतं. कारण सापडत नाही हीच गोष्ट त्यांना सगळ्यात संशयाची वाटत होती. पण ‘नको’ कसं, उभं राहून, गुडघे झटकून म्हणायचं असतं. आणि चुंबकरावांना उठता येईना. एकदा जोर लावला, दोनदा लावला. दाराची कड धरली, ती निसटली. शेवटी नाइलाजाने त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाले,

“घ्या!”

लोकांच्या तोंडात बोटं घालण्यात ज्यांची हयात गेली, त्या डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडात बोटं घातली.

“म्हणाले!” बाई ओरडल्या. “मी ऐकलं, घ्या म्हणाले!” आणि सवयीने त्यांनी शिट्टी फुंकली.

“घेतली!” डॉक्टर म्हणाले. दोघं कागदपत्रं करायला घरात पळाले. गॅरेजात रबरी फळ्या आणि हात वर केलेले चुंबकराव एवढेच उरले.

“अहो, मला! मला वर घ्या म्हणतोय मी!” ते म्हणाले. फळ्यांना ते पटलं असावं.

समोरच्या खिडकीतून त्यांना डॉक्टर दिसत होते. सही करता करता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. डॉक्टर रडत होते. चुंबकरावांना एक हाक मारायची खोटी होती. ‘नको’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण हाक न मारताच ते मिटलं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

मग बाईंनी येऊन, बुडणाऱ्याला काढतात तसं काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं.

“मी आज ‘घ्या’ म्हणालो,” घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सांगितलं.

तिने हातातली गाळणी खाली ठेवली. “कुणाला?”

त्यांनी झाला प्रकार सांगितला. “आता ती कुठे बंद पडली की डॉक्टर माझ्या नावाने खडे फोडणार.”

“मी रोज दोनदा म्हणते, चहा घ्या. तीस वर्षं झाली. कधी गोड झाला, कधी पाणचट झाला. मला कुणी जाब विचारला का?”

“मी विचारला.”

“तेच म्हणतेय. तुमच्याशिवाय कुणी नाही.” तिने कप पुढे केला. चुंबकरावांनी बूड न बघता तो तोंडाला लावला, इतके ते खचले होते.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. “चुंबकराव, बंद पडली. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात. या.”

चुंबकरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी धुतलेला शर्ट घातला. माफी मागायला जाताना माणसाने नीट दिसावं. वाटेत ते वाक्य घोकत गेले. चौकाच्या ऐन मध्यावर लाल गाडी उभी होती, मागे बस, टेम्पो, स्कूटर भोंगे वाजवत होते, आणि मधोमध डॉक्टर काळा चष्मा लावून आरामात बसले होते.

चुंबकरावांनी धीर केला. “डॉक्टर, माझं चुकलं. त्या दिवशी मी गाडी घ्या म्हणालोच नव्हतो. मला वर घ्या म्हणत होतो.”

“माहीत आहे,” डॉक्टर म्हणाले.

“माहीत आहे?”

“चाळीस वर्षं मी तोंड उघडं ठेवून बोलणाऱ्यांचं ऐकतोय. नुसतं ‘आँ’ म्हटलं तरी दुखतंय की थुंकायचंय ते मला कळतं. तुम्ही हात वर करून काय म्हणताय ते कळणार नाही?”

“मग का घेतलीत?”

“तुमच्या तोंडून तो शब्द परत कधी आला असता? तुम्हाला घाई नव्हती, माझ्या गुडघ्यांना होती.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “अकरा वेळा तुम्ही नको म्हणालात आणि अकराही वेळा मी मनात हुश्श केलं. भित्रा मीच होतो. मला कुणीतरी फक्त म्हणायला हवं होतं.”

मागचा टेम्पोवाला काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“पण आता आलाच आहात,” डॉक्टर म्हणाले, “तर खरंखरं सांगा. घ्यावी का ही गाडी?”

चुंबकरावांचा हात सवयीने गळ्यातल्या चुंबकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सतरंजी आणलीच नव्हती. धुतल्या शर्टानिशी ते चौकात आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. भोंगे चालूच होते. थोड्या वेळाने खालून आवाज आला, “अरेरे.”

“एक!” डॉक्टरांनी मोजलं.

पेट्रोलची नळी सुटली होती. रस्त्यात बसून करण्यासारखं काम नव्हतं, पण फार मोठंही नव्हतं. चुंबकराव बाहेर आले, सावकाश उभे राहिले, गुडघे झटकले. बस थांबली होती, टेम्पो थांबला होता, गाडी तर केव्हाचीच थांबली होती.

“घ्या,” चुंबकराव म्हणाले.

मग बाह्या सरसावून ते मागे गेले आणि ढकलायला लागले. पुढे वळण होतं. डॉक्टरांनी चाक फिरवलं, पुढचा भाग वळला, आणि मागचा चुंबकरावांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.