येडबाचं मत

वालूरचा येडबा मेंढरं राखायचा, थोडी जमीन कसायचा आणि पुढाऱ्यांपासून चार हात लांब राहायचा. पूर्वी तो असा नव्हता. गायरान मेंढरांना मोकळं ठेवू, असं आबासाहेब देशमुखांनी पारावर शपथेवर सांगितलं, तेव्हा यानं हरखून सभेला बोकड कापून घातला होता. बोकड पचायच्या आत आबासाहेबांचा नांगर गायरानात शिरला. त्या दिवसापासून सभेची दवंडी ऐकली की येडबा माळाला लागायचा.

सेहेचाळीस साली निजाम सरकारनं निवडणूक काढली. आबासाहेब उभे राहिले. जमिनीमुळं येडबालाही मताचा हक्क होता, म्हणून देशमुखांची माणसं त्याला एकाएकी येडबाराव म्हणायला लागली. मग आला चंद्रभान, खादी घालणारा, निजामाविरुद्ध लढणाऱ्या पक्षाचा.

"मत देऊ नका. आमचा बहिष्कार हाय."

"बरं. गायरान कवा सुटंल?"

"आधी स्वातंत्र्य, मग गायरान."

"तवर मेंढरांनी काय स्वातंत्र्य चघळायचं?"

चंद्रभान पाणी न पिताच उठला.

मतदानादिवशी सेलूच्या केंद्रावर न्यायला आबासाहेबांचा छकडा दारात आला. "जाता का काय?" बायको केवळाबाईनं विचारलं.

"गाडी मुफत हाय, सेलूला जाऊन येतो की."

खुरं सडलेली दोन मेंढरं त्यानं उचलून गाडीत घातली. सेलूत तो थेट सलोत्र्याकडं, म्हणजे गुरांच्या डॉक्टरकडं गेला, खुरांना औषध लावून घेतलं, भजी खाल्ली आणि त्याच गाडीत येऊन बसला.

"मत दिलं का?" गाडीवानानं विचारलं.

"दिलं की. औषधाच्या आधी खूर धुवावं, असं माझं मत. सलोत्र्यानं ऐकलं बी."

आबासाहेब चिडले. चंद्रभान मात्र हार घेऊन आला. "बहिष्कार पाळलात."

"पाळला न्हाई. येळ न्हवता."

अठ्ठेचाळीस साली निजामी संपली. चावडीवर तिरंगा चढला तेव्हा येडबा केवळाबाईसंगं गर्दीत उभा होता. त्यानं मनापासून हात जोडले. मग भाषणाला चंद्रभान उठला आणि त्याच्या शेजारी, पांढरी टोपी घालून, आबासाहेब. येडबानं डोळे पुसले, घोंगडं खांद्यावर टाकलं.

"थांबा की, आत्ताच सुरू होयलंय," केवळाबाई म्हणाली.

"तू ऐक. मेंढरं तहानली असतील," म्हणून तो नदीकडं निघाला. घटकाभरानं तीही मागोमाग आली.