चिबडातले झिंगे

मुक्ताबाईंचं दोन एकर रान कालव्याच्या पाझरानं चिबड झालं होतं. बारमाही ओल, कपाशी लावली की मुळं सडायची. चितेगावच्या पुढं अशी रानं बरीच आहेत, आणि त्यांच्याकडं बघून सुस्कारे टाकणारे मालकही. मुक्ताबाई त्यांतल्या नव्हेत. पन्नाशी उलटल्यावर बाई थेट गोदावरी समुद्राला मिळते तिथवर गेल्या आणि भाताच्या पाण्यात झिंगे कसे वाढवतात ते बघून आल्या. यंदा त्यांनी भात लावला, कडेनं चर खणला आणि शहरात छावणी भागातल्या इलियास मासेवाल्याकडून झिंग्यांचं बी, म्हणजे इवली पिल्लं, आणून सोडलं. गाव हसलं. गावाला हसायला काय लागतं! फक्त बांधाशेजारचे चुलत दीर अप्पाराव म्हणाले, "वहिनी, तुमचं साधलं तर पुढच्या साली माझ्या चिबडातबी हेच."

परवा सकाळी बाई चरावर गेल्या, तर पाण्याच्या कडेला झिंगेच झिंगे पडलेले. पांढुरके, निपचित. पाण्यातही काही हलेना. आदल्या दिवशी अप्पारावांनी कपाशीवर फवारणी करून पंप दोघांच्या रानांना कालव्याचं पाणी आणणाऱ्या सामाईक चारीत धुतला होता. कपाशीच्या मुलखात सगळे तिथंच धुतात, कुणाला काही वाटत नाही. पण बाईंचं डोकं फिरलं. पारावर, चारचौघांत, त्यांनी दिराला धारेवर धरलं.

"लेकरावानी जपलं व्हतं म्या! इख पाजलं तुमी! पुन्हा माझ्या बांधावर पाय ठिवू नका!"

अप्पाराव खाली मान घालून निघून गेले. पंप तर त्यांनी धुतलाच होता.

फोन गेल्यावर इलियास मोटारसायकलवरून आला. त्यानं एक झिंगा उचलून चिमटीत दाबला, तर तो कागदासारखा चुरगळला.

"मुक्ताआपा, ये खाली छिलका है. मेले नायत. वाढायला लागले की जुनं कवच टाकतात, सापाच्या कातीवानी. मग अंग नरम असतं, म्हणून तळाला दडून बसतात."

त्यानं चरातून जाळी ओढली. बोटाएवढे झिंगे तडातड उड्या मारू लागले. बाई मटकन बांधावर बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. देवा, किती हलकं वाटलं! मग आठवलं, पाणी पुरेसं झालं म्हणून फवारणीच्या आदल्याच दिवशी त्यांनी चरात उघडणारं चारीचं तोंड चिखलानं बुजवलं होतं. पंपाचं पाणी आत येणार तरी कुठून? पण घाबरलेल्या माणसाला आपण केलेलं आठवतं थोडंच!

झिंगे वाचले, पण पारावर सुटलेला शब्द कसा परत घ्यायचा? बाई तशाच अप्पारावांच्या घरी गेल्या. ते ओसरीवर बसले होते. बाईंना तोंड उघडू न देता म्हणाले, "वहिनी, माझं चिबड सालभर तुमीच कसून खा. माझ्या हातनं झालं, म्याच भरून देतो."

सकाळपासून ते अन्नाला शिवले नव्हते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भावजी, झिंगे जित्ते हायत. चूक माझी झाली," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. "पारावर बोलले, आता पारावरच माफी मागते."

अप्पारावांनी डोळे पुसले आणि आत हाक मारली, "दोन ताटं वाढा गं!" आणि बाईंकडं वळून म्हणाले, "पारावर काय नगं. जेवा आधी. मंग माझ्या रानात चर कुठून खणायचा, तेवढं दावा."